कोकणात बसून ऑनलाइन लिहा आणि कमवा, पण जाहिरातींच्या भरवशावर नको

मराठीत लिहायचं, त्यावर गूगलच्या जाहिराती लावायच्या आणि घरबसल्या महिन्याला पगाराएवढे पैसे घ्यायचे, हा बेत ऐकायला छान वाटतो. हिशेब मात्र बसत नाही. जाहिरातीची जागा लिलावात जाते. वाचक कुठल्या देशातला, कुठल्या भाषेत वाचतोय, तो किती खर्च करेल, हे बघून जाहिरातदार बोली लावतो. मराठी मजकुरासाठी बोली लावणारे कमी, म्हणून दरही कमी. समजा हजार वाचनांमागे पन्नास रुपये सुटले, तर दहा हजारांसाठी दोन लाख वाचनं लागतील. तेच तुमची मालवणजवळ देवबागला दोन हजारांची खोली असेल, तर पाच रात्री भरल्या की तेवढे पैसे झाले. त्यासाठी दोन लाख वाचक नकोत, नेमकी हवी ती दोन-चारशे माणसं पानावर आली तरी पुष्कळ.

किनाऱ्यावर राहणाऱ्याची जमेची बाजू हीच. कोकणाबद्दल शोधणारा माणूस बहुतेक वेळा खर्च करायचं ठरवूनच शोधत असतो. त्याला खोली हवी असते, आंब्याची पेटी हवी असते, होडी हवी असते, नाहीतर चतुर्थीला गावी पोचायचं असतं. म्हणून पुढे जे सांगतोय त्यात आधी विक्री येते आणि गूगल-यूट्यूबचे पैसे नंतर.

आधी प्रश्न जमवा

विषय सुचत नाही म्हणणाऱ्याने एक शनिवार एखाद्या होमस्टेवाल्याच्या फोनजवळ बसावं. मुंबईहून फोन येतो: "काका, कुडाळला उतरू की कणकवलीला?" पाठोपाठ रिक्षा किती घेते. मग थोडं दबक्या आवाजात, "सोबत आई आहे, कमोड आहे ना?" मग गाडी दारापर्यंत येते का, सोमवारी मासे मिळतील का, आमच्यातले दोघं खात नाहीत त्यांचं काय. काका सगळ्याला एकच उत्तर देतात, "येवा तुमी, काय काळजी करू नकात." फोन ठेवला की पंधरा मिनिटांनी दुसऱ्या घरातून तेच प्रश्न.

हे प्रश्न वहीत उतरवायचे, आणि विचारणाऱ्याच्याच शब्दांत. "निवास व्यवस्थेतील सुविधा" असं कुणी गूगलला विचारत नाही. वही भरली की मोबाइलवर खासगी टॅब उघडा आणि प्रश्नाचे पहिले दोन-तीन शब्द टाका. गूगल खाली जे सुचवतं ते लोकांनी खरोखर शोधलेलं असतं. "लोक हेही विचारतात" या चौकटीतली वाक्यं लिहून घ्या. गूगल ट्रेंड्सवर प्रदेश महाराष्ट्र ठेवून दोन गावांची नावं शेजारी शेजारी टाकलीत, तर कोणत्या महिन्यात कुणाचा शोध चढतो तेही दिसतं.

विषय तालुक्याएवढा नको, रस्त्याएवढा ठेवा

"संपूर्ण कोकण पर्यटन" या विषयावर तुमची गाठ मोठमोठ्या प्रवासी कंपन्यांशी आहे. तिथे डोकं आपटू नका. त्याऐवजी "दापोलीहून गुहागरला किनाऱ्याने गाडी घेऊन जाणे" एवढाच विषय घ्या. मध्ये वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळ-धोपावे फेरीबोट येते, आणि वाचकाचा जीव तिथेच अडकलेला असतो.

या एका पानात काय काय हवं ते बघा. पहिली आणि शेवटची बोट किती वाजता. गाडीचं भाडं किती, आणि धक्क्यावरच्या दरफलकाचा तारखेसह फोटो. सुट्टीच्या दिवशी रांग कुठवर जाते. मोठी गाडी चढते का. पावसात बोट बंद झाली तर चिपळूणमार्गे वळसा कसा घ्यायचा. शेवटचा पेट्रोलपंप कुठे. दाभोळला उतरून चंडिकादेवीला जायचं तर किती वेळ हाताशी हवा. हे झालं की त्याच धर्तीवर वेश्वी-बागमांडला आणि जयगड-तवसाळ अशी दोन पानं होतात. मांडव्यापासून खाली किनाऱ्याने येणाऱ्याला बरीचशी वाट तुमच्याकडेच मिळते. पानाच्या माथ्यावर "शेवटचं तपासलं" म्हणून तारीख टाका आणि भाडं बदललं की त्याच दिवशी बदला. पुण्यात बसून एआयकडून दिवसाला पन्नास पानं काढणाऱ्याला हे जमणार नाही. शिवाय नुसत्या क्रमवारीसाठी घाऊक भावात पाडलेल्या मजकुराला गूगलने मार्च २०२४ पासून थेट स्पॅमच्या नियमांत घातलं आहे.

विषयांना तोटा नाही. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग कोकणातले. त्यातला सुवर्णदुर्ग पाहायला हर्णैहून होडी कशी मिळते, हे सरळ शब्दांत सांगणारं पान लोकांना हवं आहे. कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. पण उक्षीला किंवा देवाचे गोठण्याला गाडी नेमकी कुठे लावायची आणि दुपारी बाराच्या उन्हात शिल्पं नीट का दिसत नाहीत, हे तिथे गेलेलाच सांगू शकतो. वेळासच्या कासवांवर लिहाल तर पिल्लं नक्की दिसतीलच असं छापू नका, आणि फ्लॅश मारू नये हे वरच लिहा. गडावर ड्रोन उडवायचा विचार असेल तर थांबा. संरक्षित स्मारकांवर परवानगी लागते, आणि विनापरवाना व्हिडिओ म्हणजे स्वतःच्या हाताने तयार केलेला पुरावा.

पान बांधताना

उत्तर पहिल्या दोन ओळींत द्या. "निसर्गाच्या कुशीत वसलेल्या" हे वाक्य तर काढूनच टाका, कोकणावरच्या निम्म्या लेखांची सुरुवात तीच आहे. मालवणला यायचं तर कुडाळला उतरा, गुहागरला चिपळूण, दापोलीला खेड, गणपतीपुळ्याला रत्नागिरी, असं थेट सांगा. कारणं, पर्याय, गमतीजमती सगळं त्याच्या खाली.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. गावातल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर उचलून टाकलात तर गूगलला त्यातलं काहीच वाचता येत नाही. फोनवरचा जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) पुरतो, बोलूनही टाइप होतं. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत छोटा ठेवा, कारण देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक घाबरून दाबत नाहीत. फोटो आकाराने हलके करूनच चढवा. तुमचा वाचक कोकण रेल्वेच्या दोन बोगद्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात पान उघडत असतो.

कुठे छापायचं

एक जागा स्वतःची आणि एक गर्दीची, एवढंच धरा. स्वतःची म्हणजे स्वतःच्या नावाचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता), वर्षाला साधारण हजाराच्या आसपास. त्यावर वर्डप्रेस घ्या, नाहीतर पैसे नसतील तर ब्लॉगर फुकट आहे. गर्दीची जागा म्हणजे यूट्यूब किंवा इन्स्टाग्राम. पाचही ठिकाणी हात घालणारा सहसा तिसऱ्या महिन्यात सगळीकडून गायब होतो.

होमस्टे, खानावळ, होडी, दुकान यांतलं काही असेल तर वेबसाइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करा. ते फुकट आहे. पडताळणीला बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतली जागा आणि कुलूप तुम्हीच उघडताय हे दिसलं पाहिजे. नकाशावरची खूण स्वतः फाटकापाशी उभं राहून लावा. कोकणात एकाच नावाच्या वाड्या ढीगभर, आणि खूण चुकली की पाहुणा रात्री अकराला भलत्याच्या खळ्यात. परीक्षणं मागायला लाजू नका, पण पैसे देऊन लिहून घेऊ नका. वाईट परीक्षणाला भांडत नव्हे, काय सुधारलं ते सांगत उत्तर द्या. नवा गिऱ्हाईक ते उत्तरच वाचतो.

गूगलच्या सर्च कन्सोलला साइट जोडा. महिन्यातून एकदा बघा: कोणते शब्द टाकून लोक येतात, आणि कुठल्या शब्दांवर तुम्ही आठव्या-दहाव्या क्रमांकावर अडकलात. नवं पान लिहिण्यापेक्षा अशा अडकलेल्या पानात दोन खरे परिच्छेद भरले तर फायदा लवकर दिसतो.

विक्री: खोली आणि पेटी

पानाच्या शेवटी "अधिक माहितीसाठी संपर्क" लिहून कुणी फोन करत नाही. बटण दाबलं की व्हॉट्सअॅप उघडेल आणि त्यात "दोन मोठी, एक मूल, या तारखेला खोली हवी" असा मजकूर आधीच भरलेला असेल, असं करा. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये कॅटलॉग भरा, खोलीचा आणि जेवणाचा दर उघड लिहा. "दरासाठी मेसेज करा" म्हटलं की अर्धे लोक पुढच्या होमस्टेकडे जातात. राज्याच्या पर्यटन संचालनालयाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी असेल तर तेही सांगा, अनोळखी कुटुंबाला त्याचा धीर असतो.

आंब्याचा मामला वेगळा आहे, कारण तिथे विश्वासच विकायचा असतो. चाकरमानी आणि मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक एकदा तरी "देवगड" छापलेल्या खोक्यात भलताच आंबा घेऊन बसलेलं असतं. म्हणून पौषात मोहोर आला की तिथपासून दाखवायला लागा: फवारणी, कैरी, फळगळ, झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) काढणी, अढी. चेहरा तुमचाच, बाग तुमचीच, दुसऱ्याचा फोटो एकही नको. मग मार्चमध्ये आगाऊ नोंदणी घ्या. सुरुवातीची पेटी महाग, मे महिन्यात उतरते, हे लपवू नका. भाव कुठल्या आठवड्यात किती असेल याचा अंदाज लिहून दिला, तर माणूस स्वतःच ठरवतो.

पाठवण्याआधी नियम लेखी कळवा: फळ किती पिकलेलं येईल, पेटी उघडताना व्हिडिओ काढा, खराब निघालेल्या फळांचं अमुक दिवसांत कळवलंत तर बदली किंवा पैसे परत. हे आधी सांगितलेलं असलं की नंतरची भांडणं निम्म्यावर येतात. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं आहे, आणि मानांकनाचं चिन्ह वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. वेंगुर्ल्याचा काजू आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचं कोकम यांनाही मानांकन आहे. कोकम आगळ, फणसपोळी, लोणची विकायची तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आणि पाकिटावर तिचा चौदा आकडी क्रमांक हवा, मग घरच्याच चुलीवर का केलेलं असेना.

ज्याने एकदा पेटी घेतली त्याला "माझा नंबर सेव्ह करा" असं स्पष्ट सांगा. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचते. ही यादी म्हणजे तुमची खरी मालमत्ता. इन्स्टाग्रामचं खातं उद्या बंद पडलं तरी ती तुमच्याकडे राहते. पण तिच्यावर रोज सुप्रभात पाठवलंत तर लोक मुकाट्याने ब्लॉक करतात. वर्षात चार-सहा संदेश पुरे: आंबा, कोकम, गणपती, दिवाळीची सुट्टी.

जाहिरातीवर खर्च करायचा तर

फेसबुकवरचं "बूस्ट" बटण सोपं दिसतं, म्हणूनच त्यात पैसे वाहून जातात. अॅड्स मॅनेजर उघडा, व्हॉट्सअॅपवर संदेश आणणारी जाहिरात निवडा, आणि भाग अख्खा महाराष्ट्र न ठेवता डोंबिवली, ठाणे, दादर-परळ असा जिथे पोच करता येईल तेवढाच ठेवा. दिवसाला दोनशे रुपयांपासून सुरू करा. वर अठरा टक्के जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. आठवड्याने लाइक मोजू नका. संदेश किती आले, त्यांतल्या किती पेट्या झाल्या आणि एका पेटीमागे जाहिरातीचे किती पडले, हे काढा. पेटीवरच्या नफ्यापेक्षा हा आकडा मोठा असेल तर जाहिरात बंद. चांगला फोटो टाकून पुन्हा एकदा बघा, तरीही मोठा असेल तर पैसे घालू नका.

आता गूगल आणि यूट्यूबचे पैसे

अॅडसेन्स म्हणजे साइटवर जाहिराती लावून पैसे देणारी गूगलची योजना, आणि तिच्या मान्य भाषांत मराठी आहे. खात्यात दहा डॉलर झाले की गूगल पत्त्याच्या खात्रीसाठी साध्या टपालाने पिन पाठवतं. कोकणात इथेच गाडं अडतं, कारण घराला नंबर नसतो. पत्त्यात घराण्याचं किंवा घराचं नाव, वाडी, मु. पो., तालुका आणि पिनकोड नीट लिहा, आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा की परदेशी दिसणारं छोटं पत्र येईल, ते फेकू नकोस. पत्र आलं नाही तर पुन्हा मागवता येतं, पण चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. पैसे शंभर डॉलर साठल्यावरच बँकेत येतात.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के तुमचे, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५. भाषेचा अडसर इथे थोडा कमी होतो. तळलेला बांगडा, दशावताराची रंगभूषा, शिमग्यात पालखी नाचवणं हे बघायला मराठी यावंच लागत नाही. दुसऱ्याचं गाणं मागे लावू नका. उत्पन्नाचा वाटा जातो, वर तक्रार आली तर चॅनेलला स्ट्राइक बसतो.

दुकानांच्या दुव्यांवर मिळणारं कमिशन हा तिसरा रस्ता. अॅमेझॉनच्या योजनेत १८० दिवसांत तीन विक्र्या झाल्या नाहीत तर खातं बंद होतं. कोकणाच्या वाचकाला विकायचंच तर पाण्यात चालणारी सँडल, कोरडी राहणारी पिशवी, मासे नेण्याचा थंड डबा असं काही. गावातल्या होडीवाल्याशी किंवा स्कूबावाल्याशी थेट ठरवलेलं कमिशन त्याहून बरं पडतं, फक्त ते कागदावर लिहून घ्या. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, तेव्हा नोंदणीचं बटणही काढून टाका.

ई-पुस्तकाचाही मार्ग आहे. किंडलवर मराठी चालते, आणि स्वतंत्र आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) हवा असेल तर आपल्याकडे तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून फुकट मिळतो. पण कवितासंग्रहाने वीजबिल निघेल अशी आशा धरू नका. "चार दिवसांत दक्षिण कोकण, एसटीने" असलं पुस्तक तुलनेने खपेल.

सगळ्यात लवकर हातात पडणारा पैसा यांपैकी कशातच नाही. तो शेजाऱ्याचं काम करण्यात आहे. तालुक्यातल्या दहा होमस्टेवाल्यांना प्रोफाइल, फोटो आणि चौकशांना उत्तरं महिन्याच्या ठरावीक रकमेत करून द्या. त्यांना ते येत नाही, आणि शिकायला वेळ नाही.

फुकटची खोली आणि कायदा

चॅनेल चाललं की रिसॉर्टवाले "या राहायला, व्हिडिओ करा" म्हणतात. गेलात तर व्हिडिओत आणि लेखात सुरुवातीलाच "जाहिरात" किंवा "मोफत मुक्काम मिळाला" असं ठळक सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे बंधन आहे. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. एकाच धंदेवाल्याकडून वर्षात २०,००० रुपयांहून जास्त किमतीचं फुकट घेतलंत तर त्याला दहा टक्के टीडीएस भरावा लागू शकतो, आणि ती किंमत तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

लाइक करा, रेटिंग द्या आणि रोज दोन हजार कमवा, असा टेलिग्रामवर संदेश आला तर ते ऑनलाइन काम नव्हे. आधी शे-दोनशे रुपये खरोखर देतात, मग "टास्क"साठी तुमच्याकडून भरून घेतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढे सरकते.

वेळापत्रक

पान गूगलवर वर चढायला महिने जातात, म्हणून हंगामाच्या आधी लिहावं लागतं. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा गणपतीला गावी जाण्याचं पान ज्येष्ठातच तयार हवं, आणि विशेष गाड्या जाहीर झाल्या की त्यात भर घालत राहायचं. कासवांचं पान डिसेंबरात. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख देवीचा कौल झाल्यावरच कळते, तर बाकीचं पान आधी लिहून ठेवा आणि तारीख कळली त्याच तासाला भरा. त्या दिवशी पहिला कोण, यालाच महत्त्व असतं. पावसाळ्यात गिऱ्हाईक थंडावतं. तेव्हा जुनी पानं दुरुस्त करायची, फोटो लावायचे, वहीतले उरलेले प्रश्न संपवायचे.

पैसे आल्यावर

गूगलच्या खात्यात अमेरिकी कराचा डब्ल्यू-८ बेन फॉर्म पॅन क्रमांकासह भरा. तो भरला नाही तर यूट्यूबच्या सगळ्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कपात होऊ शकते. भरला की भारत-अमेरिका करारानुसार फक्त अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे आलेल्या रकमेवर १५ टक्के. सेवांच्या उलाढालीला जीएसटीची मर्यादा २० लाख आहे, आणि परदेशातून येणारी रक्कमही त्या उलाढालीत मोजली जाते. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, डबाबंद रसावर आहे. करपात्र माल मोठ्या ई-कॉमर्स साइटवरून राज्याबाहेर विकायचा तर उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना ऑक्टोबर २०२३ पासून अटींवर सूट आहे. धंद्याचं बँक खातं घरखर्चापासून वेगळं काढा, डोमेन, नेट, कुरियर, खोके आणि जाहिरातींची बिलं एका फायलीत ठेवा, आणि मार्च उजाडायच्या आत सीएकडे जा. मार्चमध्ये तो तुमचा फोन उचलणार नाही, आणि तुमच्याकडेही पेट्यांची नोंदणी सुरू असेल.